४८ अंश, ६० मिनिटे: खानापूर (बेळगाव) भागातील हापूसच्या उष्णजल प्रक्रियेच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च

फळमाशीची अंडी आणि अळ्या मारण्यासाठी आंबा गरम पाण्यात बुडवायची टाकी आज जागेवर बसली. स्टेनलेस ३०४ चा पत्रा, आतून १६५ × ११५ सेंमी, उंची ८५ सेंमी, भोवती ५० मिमी ग्लासवूल आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. हे माप भाजी मार्केटमध्ये मिळणाऱ्या नेहमीच्या २० किलोच्या क्रेटवरून काढले आहे. क्रेट साधारण ५४ × ३६ × २९ सेंमीचा असतो. लांबीत चार आणि रुंदीत दोन, असे आठ क्रेट एकाच थरात बसतात. एकावर एक क्रेट ठेवायचे नाहीत, कारण खालच्या क्रेटमधून वर येणारे पाणी वरच्या फळांपर्यंत थंड होऊनच पोहोचते.

क्रेट तळापासून १५ सेंमी उंचीच्या चौकटीवर बसतील. हीटर आणि पाणी फिरवणारी भोकांची पाइप चौकटीखाली राहील. १,००० लिटर पाणी भरल्यावर पातळी साधारण ५३ सेंमी येते. १६० किलो आंबा आणि क्रेट बुडाले की ती ६२ च्या आसपास जाते. क्रेटची वरची कड ४४ वर आहे, म्हणजे फळांवर १८ सेंमी पाणी राहते. अमेरिकेच्या आंबा आयातीच्या नियमात फळ पृष्ठभागाखाली किमान १० सेंमी असावे लागते. आपली फळे त्याहून खोल आहेत, हे बरे.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो. या टाकीतून निघालेला आंबा परदेशी जाणार नाही. निर्यातीची प्रक्रिया केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेने मान्य केलेल्या केंद्रातच, त्यांच्या देखरेखीखाली व्हावी लागते. त्यानंतरच माल कीडमुक्त असल्याचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र मिळते. ही टाकी शिकण्यासाठी आहे. आपल्या भागातल्या बागायतदाराचा माल वाशीच्या केंद्रावर जाऊन परत येतो, तेव्हा तो का नाकारला गेला हे इथे कोणालाच नीट सांगता येत नाही. ते सांगता यावे म्हणून हा खटाटोप.

७ मार्च

वीजजोडणी. ३ किलोवॅटचे सहा हीटर, दर फेजवर दोन, एकूण १८ किलोवॅट. फेजमागे सुमारे २५ अँपिअर. ६ चौरस मिमीची तांब्याची केबल आणली होती, पण मीटरपासून शेडपर्यंतचे अंतर जास्त असल्याने १० चौरस मिमीची टाकली. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावला आहे आणि तो काढायचा नाही. ओल्या फरशीवर, ओल्या हाताने, उकळत्या नाही तरी कढत पाण्याशी माणसे काम करणार आहेत. पाण्याची पातळी खाली गेल्यास हीटर बंद करणारा फ्लोट स्विच बसवला. हीटर उघडा पडला तर मिनिटभरात जळतो.

फलक मराठी आणि कन्नड, दोन भाषांत लिहिले: "गरम / बिसी नीरु" आणि "थंड / तण्णीरु". कामावरची निम्मी माणसे बिडी-पारिश्वाडकडची आहेत. गडबडीत डोळ्यांसमोर जी भाषा येते तीच वाचली जाते.

११ मार्च

सेन्सरची तपासणी. तापमान मोजणारे सहा पीटी १०० सेन्सर घेतले आहेत. चार पाण्यासाठी, दोन फळात खुपसायचे सुईसारखे.

दोन बिंदूंवर तपासायचे म्हणून उकळते पाणी घेतले आणि सगळे सेन्सर ९७.५ च्या आसपास अडकले. सेन्सर खराब नाहीत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे आणि इथे पाणी १०० अंशाला उकळत नाही, ९७.५ च्या जवळपासच उकळते. पुस्तकात १०० आहे म्हणून कोणी अडीच अंश वाढवून ठेवले असते, तर टाकीचे पाणी ४८ दाखवताना प्रत्यक्षात ४५.५ वर राहिले असते. म्हणून वरच्या बिंदूसाठी उकळते पाणी वापरायचेच नाही.

पद्धत अशी ठरली. ठेचलेला बर्फ थर्मासमध्ये गच्च भरायचा, फटी भरतील एवढेच पाणी घालायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि सेन्सर मधोमध धरायचा. आकडा ० यायला हवा. मग ४८ अंशाच्या पाण्यात, ढवळत, प्रमाणित काचेच्या थर्मामीटरशी जुळवायचा. ४८ वरची चूक महत्त्वाची, कारण काम त्याच तापमानाला आहे. एक सेन्सर बर्फात ०.१ आणि ४८ वर ०.६ जास्त दाखवत होता. तो बाद केला.

१९ मार्च

बागांत फळमाशीचे सापळे लागले. मिथाइल युजेनॉलचे, एकरी चार. प्लायवूडचे तुकडे इथाइल अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन हे कीटकनाशक ६:४:१ या प्रमाणात भिजवलेले. हा वास फक्त नर माशीला ओढतो. नर कमी झाले की मादीची अंडी फलित होण्याचे प्रमाण घटते, पण आधीच फलित झालेली मादी फळाला डंख मारतेच. त्यामुळे सापळे काढणीच्या महिना-दीड महिना आधीच हवेत. आंबा पाडाला आल्यावर टांगलेला सापळा माश्या मोजायला चांगला, पीक वाचवायला उशिराचा.

गळलेली फळे रोज गोळा करून दोन फूट खोल पुरायची. अळी फळातून बाहेर पडून जमिनीत वरच्या काही सेंटिमीटरांत कोष करते. झाडाखाली सडके फळ पडून राहिले की पुढच्या पंधरवड्याच्या माश्या तिथेच तयार होतात.

२ एप्रिल

पाणी कोरडेच तापवून पाहिले, फळाविना. २५ वरून ४८ वर न्यायला १,००० लिटरला २६.७ युनिट लागतात. आज तीनच हीटर चालू होते, ९ किलोवॅट, म्हणून सव्वातीन तास लागले. बाकीचे तीन अजून जोडायचे आहेत.

झाकण नसेल तर ४८ ला आल्यावरही हीटर जवळजवळ सतत चालू राहतात. सगळी ऊर्जा वाफेबरोबर जाते. दोन पानांचे झाकण करायला दिले.

९ एप्रिल

थांबा. फळ टाकण्याआधी या प्रक्रियेचे गणित सगळ्यांना एकदा समजले पाहिजे, नाहीतर घड्याळ लावणे एवढेच काम उरेल.

फळमाशीची अंडी सालीच्या जरा आत असतात. अळी मोठी होत गराकडे, कधी कोयीपर्यंत जाते. म्हणजे पाणी किती गरम आहे हा प्रश्न नाही. कोयीला लागून असलेला गर किती गरम झाला आणि किती वेळ तसा राहिला, हा प्रश्न आहे. पाणी फक्त उष्णता पोहोचवते. आंब्याचा गर उष्णता हळू नेतो, पाण्याइतकाच हळू, कारण तो बहुतांश पाणीच आहे आणि ते फळात फिरू शकत नाही.

उष्णता आत पोहोचायला लागणारा वेळ फळाच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वजन दुप्पट झाले की वेळ दुप्पट होत नाही, पण सुमारे १.६ पट होतो. अमेरिकेने मेक्सिको व इतर देशांच्या आंब्यासाठी ठरवलेल्या वेळापत्रकात पाणी ४६.१ अंश आहे आणि वेळ फळाच्या वजनावर व आकारावर बदलतो. चपट्या लांबट जातींना ३७५ ग्रॅमपर्यंत ६५ मिनिटे, ५७० पर्यंत ७५. गोल जातींना ५०० ग्रॅमपर्यंत ७५, ७०० पर्यंत ९०, ९०० पर्यंत ११०. युरोपसाठी भारतात वापरला जातो तो कार्यक्रम ४८ अंश, ६० मिनिटे. जपानचा वेगळाच: दमट गरम हवेत, म्हणजे व्हेपर हीटमध्ये, गर ४७.५ अंशाला आणून तिथे २० मिनिटे ठेवायचा. २००६ पासून जपानने भारतीय आंबा याच अटीवर घेतला.

हे तिन्ही कार्यक्रम एकमेकांत मिसळायचे नाहीत. "४६ लाही चालते ना" असे कोणी म्हणाले, तर त्याबरोबर वेळही बदलतो हे सांगा.

कीड मारण्याच्या दृष्टीने एक अंश फार मोठा आहे. ठोकळमानाने, या पट्ट्यात तापमान एक अंशाने घसरले तर तेवढीच कीड मरायला पावणेदोन पट वेळ लागतो. म्हणून अर्ध्या अंशाच्या चुकीवर इतका आग्रह.

१६ एप्रिल

वजनाची प्रतवारी ठरवली. तीन गट: २२५ ग्रॅमपर्यंत, २२५ ते २७५, २७५ ते ३२५. त्यापेक्षा मोठे फळ या टाकीत नाही. हाताने तोलून प्रतवारी करू नका, काटा वापरा. अंदाजात ३० ग्रॅमची चूक सहज होते.

फळ १४ आणे तयार असावे. खांदे देठाच्या वर आलेले, देठाजवळ खळगा पडलेला. कोवळे फळ गरम पाण्यात घातले तर गराचा काही भाग पिकतच नाही. वरून पिवळे, आतून पिठूळ पांढरे गोळे राहतात. मग ग्राहक प्रक्रियेला दोष देतो, खरे तर दोष काढणीचा असतो.

तयारी पाहण्यासाठी साध्या पाण्यात फळ सोडायचे. बुडाले तर तयार, तरंगले तर कोवळे. त्याच फळाला २.५ टक्के मिठाच्या पाण्यात (लिटरला २५ ग्रॅम) सोडले आणि ते तिथेही बुडाले, तर फळ जास्त झाले आहे आणि त्यात साका (गराचा स्पंजासारखा, बेचव झालेला भाग) असण्याची शक्यता वाढते. आपल्याला साध्या पाण्यात बुडणारे आणि मिठाच्या पाण्यात तरंगणारे फळ हवे. ही चाचणी थंड पाण्यातच करा. ४८ अंशाचे पाणी हलके होते (लिटरला ९८९ ग्रॅमच्या आसपास), त्यामुळे कोवळी फळेही गरम टाकीत बुडून तयार असल्याचा भास होतो.

साका या गरम पाण्याने होत नाही. तो फळात आधीच असतो, कापल्यावर दिसतो. हे बागायतदारांना पुन्हा पुन्हा सांगावे लागेल.

२३ एप्रिल

पहिला घाणा. आठ क्रेट, १६० किलो, २२५ ते २७५ गट. पाणी ४८.०, फळाचा गर २६.

९ किलोवॅटवर. फळ बुडताच पाणी घसरू लागले आणि दहाव्या मिनिटाला ४७.१ वर आले. परत ४८ ला यायला अर्धा तास लागला. घड्याळ मात्र फळ टाकल्यापासून चालू ठेवले होते.

याचे कारण: २५० ग्रॅमचे फळ पहिल्या पाच मिनिटांतच त्याला हव्या असलेल्या उष्णतेच्या निम्म्याच्या आसपास ओढून घेते, कारण तेव्हा साल थंड असते आणि फरक सगळ्यात मोठा. १६० किलोला एकूण ३.६ युनिट लागतात, त्यातले १.७ युनिट पहिल्या पाच मिनिटांत. म्हणजे त्या काळात २० किलोवॅटहून जास्त ओढ. ९ किलोवॅट तिथे पुरे पडूच शकत नाही. हीटर अजिबात नसते तर पाणी जवळजवळ तीन अंश खाली जाऊन ४५ वर थांबले असते.

घाणा रद्द. माल गर काढायला दिला.

नियम: घड्याळ फळ बुडाल्यापासून नाही, चारही सेन्सर ४८ ला परत आल्यापासून.

२५ एप्रिल

सहाही हीटर जोडले. पाणी तापायला आता दीड तासाच्या आसपास. तीच १६० किलोची भरती केली, पाणी ४७.४ पर्यंत घसरले आणि आठ-नऊ मिनिटांत सावरले.

दुपारी व्होल्टेज २०० वर आले. २४० चा हीटर २०० वर चालला तर ताकद वर्गाच्या प्रमाणात घटते, १८ चे साडेबारा किलोवॅट उरतात. पहिला घाणा सकाळी सातला लावायचा, तेव्हा व्होल्टेज बरे असते आणि फळही थंड हवेत काढलेले, चीक सुकलेले मिळते.

२९ एप्रिल

आजची नोंद सविस्तर, कारण आज गणित आणि फळ एकमेकांना जुळले.

सुई सेन्सर दोन फळांत घातले, एक २४८ ग्रॅमचे, दुसरे मुद्दाम ३५२ ग्रॅमचे. सुई २ मिमी जाडीची. फळात ती किमान २०-२५ मिमी आत जायला हवी, नाहीतर धातूतून बाहेरची उष्णता टोकापर्यंत जाऊन आकडा जास्त दाखवतो. सुई देठाच्या बाजूने, फळाच्या लांबीच्या दिशेने, कोयीच्या सपाट बाजूला घासून घालायची. भोक सिलिकॉनने बंद केले आणि वाळू दिले. घाईत बंद न केलेल्या भोकातून पाणी आत जाते आणि पाच मिनिटांतच सेन्सर ४७ दाखवतो. इतक्या लवकर ४७ आले तर तो आकडा कधी मानायचा नाही.

दोन्ही फळे सुरुवातीला २६ वर, पाणी ४८ वर स्थिर. ६० व्या मिनिटाला २४८ ग्रॅमच्या फळाच्या कोयीजवळ ४६.३. ३५२ ग्रॅमच्या फळात ४४.८.

एकाच टाकीत, एकाच वेळी, दीड अंशाचा फरक. पाण्याचा आलेख दोघांसाठी सारखाच सुरेख सरळ होता. पाण्याचा कागद पाहणाऱ्याला मोठे फळ कधीच दिसणार नाही. क्रेटमध्ये चुकून एक मोठे फळ गेले तर सगळ्या कागदांवर प्रक्रिया पूर्ण असते आणि त्या एका फळात अळी जिवंत राहू शकते. २०१४ च्या १ मे पासून युरोपियन युनियनने भारतीय आंबा आणि चार भाज्या काही काळ बंद केल्या. त्यामागे सापडलेल्या किडीच होत्या. २०१५ च्या सुरुवातीला आंबा परत सुरू झाला. २०१९ पासून फळमाशीसाठी आंब्यावर वेगळ्या अटीही लागू आहेत.

दुसरी गोष्ट बाहेर काढल्यानंतरची. ६० मिनिटे झाल्यावर फळ हवेत ठेवले, तरी कोयीजवळचे तापमान आणखी काही मिनिटे चढत राहिले, कारण साल अजून आतल्या गरापेक्षा गरम होती. लगेच थंड पाण्यात टाकले असते तर ही वाढ थांबली असती. अमेरिकेच्या नियमात म्हणूनच थंड करण्याआधी ३० मिनिटे थांबायचे किंवा प्रक्रियेचा वेळ १० मिनिटांनी वाढवायचा, अशी अट आहे. थंड पाणीही २१.१ अंशाखाली नको.

३ मे

तळच्या रांगेतल्या फळांवर तपकिरी डाग. हीटरच्या बरोबर वर असलेल्या क्रेटमध्येच. तिथे सेन्सर फिरवला तर ४९.३. हीटरवरून सरळ वर येणारा गरम पाण्याचा लोट फळांना चाटत होता, आणि कोपऱ्यांत ४७.५. टाकीचा सरासरी आकडा मात्र ४८.

हीटर आणि चौकटीमध्ये १२ मिमी भोकांचा पत्रा टाकला आणि पाण्याची पाइप उलटी केली, भोके खाली तळाकडे. आता पाणी तळावर आपटून पसरते आणि मग सगळीकडून वर येते. एक अश्वशक्तीचा पंप पुरतो. चारही कोपरे ४७.८ ते ४८.२ मध्ये आले.

६ मे

वळीव झाला. आंबा रात्रभर भिजलेला. आज घाणा नाही. पाणी भरून टरारलेल्या फळाच्या सालीवरचे ठिपके गरम पाण्यात काळे पडतात. एक दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवून मगच.

९ मे

४१ व्या मिनिटाला वीज गेली. जनरेटर पकडायला सात मिनिटे लागली. तोवर पंप बंद, पाणी ढवळले जात नव्हते आणि वरचा थर व तळ यांत एक अंशाचा फरक पडला.

उरलेली १९ मिनिटे पूर्ण करून घाणा पास करावा, असे वाटले. करायचे नाही. किड्याला कमी तापमानात थोडा वेळ ठेवले की त्याच्या शरीरात उष्णतेपासून वाचवणारी प्रथिने तयार होतात आणि पुढच्या उष्णतेला तो आधीपेक्षा जास्त टिकतो. तुकड्यातुकड्यांत दिलेली उष्णता एकसंध उष्णतेच्या बरोबरीची नसते. पुन्हा पहिल्यापासून ६० मिनिटे द्यावीत तर फळ दोनदा शिजते. घाणा रद्द, माल स्थानिक बाजारात, आणि नोंदवहीत कारणासह.

पंप आणि नोंदयंत्र यूपीएसवर घेतले. हीटर जनरेटरवर. वीज गेल्यावर पाणी लगेच थंड होत नाही, एवढ्या पाण्याला वेळ लागतो. थांबता कामा नये ते फिरणे.

१४ मे

थंड पाण्याची टाकी. इथे बहुतेकांचे लक्ष नसते, आणि माणसाच्या तब्येतीच्या दृष्टीने धोका इथेच आहे. गरम फळ थंड पाण्यात पडले की आतली हवा आकसते आणि फळ देठाच्या जखमेतून पाणी आत ओढते. ते पाणी घाण असेल तर जंतू सरळ गरात. १९९९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ब्राझीलच्या आंब्यातून साल्मोनेलाची साथ आली. त्या बागेत फळमाशीसाठीच गरम पाणी आणि मग थंड पाणी वापरले जात होते.

आपल्याकडे: १,००० लिटरला १०० पीपीएम क्लोरिन. ५ टक्के हायपोक्लोराइट असेल तर २ लिटर. सामू (पीएच) ६.५ ते ७.५ मध्ये. आपल्या बोअरचे पाणी जड आणि क्षारयुक्त, सामू साडेसातच्या वर जातो आणि क्लोरिनची मारकशक्ती घटते. चिमूटभर सायट्रिक ॲसिडने तो खाली आणायचा, पण हळूहळू, उघड्या हवेत, कारण ॲसिड एकदम जास्त पडले तर क्लोरिन वायू सुटतो. तासातासाला पट्टीने तपासायचे. देठ १ सेंमी ठेवून कापलेला असेल तर जखम आणि चीक दोन्ही कमी.

गरम टाकीतले पाणी रोज संध्याकाळी सोडायचे. चीक, माती आणि पानांचा कचरा साचला की ते दुसऱ्या दिवशी फळांवर तेलकट थर सोडते.

१७ मे

एक चौकशी आली: कारली आणि पेरू याच टाकीत करता येतील का. नाही. हा कार्यक्रम आंब्यासाठी आहे, तोही ठरावीक जातींसाठी. प्रत्येक फळाचे आणि प्रत्येक किडीचे गणित वेगळे.

२२ मे

डंख मारलेली, गळलेली फळे वेगळी घालून प्रक्रिया केली आणि चोवीस तासांनी कापली. अळ्या निपचित, हालचाल नाही. प्रक्रिया न केलेल्या फळांत वळवळ होती.

यावरून काही सिद्ध होत नाही, हे इथे लिहून ठेवणे गरजेचे आहे. विलगीकरणाच्या किडींसाठी जगभर मानले जाणारे परिमाण प्रॉबिट ९ हे आहे. म्हणजे ९९.९९६८ टक्के मृत्यू, दहा लाखांत जेमतेम ३२ जिवंत. ते ९५ टक्के खात्रीने दाखवायचे तर एकही न वाचता ९३,६१३ किडे मरावे लागतात. आपण पाहिले ते फक्त इतकेच की टाकी योग्य दिशेने काम करते. संख्या दाखवणे हे संशोधन केंद्रांचे काम आहे आणि त्यांनी ते केले आहे. आपले काम त्यांनी ठरवलेला कार्यक्रम तंतोतंत पाळणे.

आणखी एक. कोयीतला भुंगा, ज्याला काही जण कोयकिडा म्हणतात, तो कोयीच्या आत बसतो. कोवळ्या फळावर अंडे घातले जाते, अळी आत शिरते, छिद्र भरून येते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्याच्यासाठी गरम पाण्याचा उपाय नाही. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंबा स्वीकारला तो ४०० ग्रे विकिरणावर, आणि त्यात हा भुंगाही येतो. आपल्या बागांतून कोयी गोळा करून जाळणे आणि काढणीआधी नमुन्याची फळे कापून पाहणे, हाच इथला मार्ग.

२६ मे

प्रक्रियेनंतरची खोली तपासली. जाळीत बोटाएवढी फट होती. गरम पाण्यातून निघालेल्या फळाला पुढच्या माशीपासून काहीच संरक्षण नसते. उलट पिकू लागलेल्या फळाचा वास तिला जास्त ओढतो. दोन दारे, मध्ये मोकळी जागा, दोन्ही कधीही एकाच वेळी उघडी नाहीत. पेटीच्या हवेच्या भोकांनाही बारीक जाळी. लाकडी पॅलेट वापरायचे असतील तर त्यांचीही वेगळी उष्णता प्रक्रिया लागते, लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सलग ३० मिनिटे आणि त्याचा शिक्का. प्लास्टिकचे वापरले तर ही कटकट नाही.

साठवण १३ अंशांवर. त्याखाली हापूसला थंडीची इजा होते, साल राखाडी पडते आणि वास येत नाही.

३० मे

प्रक्रिया केलेला माल अढीत लावला त्याला आठवा दिवस. रंग एकसारखा, नेहमीपेक्षा लवकर. काळ्या डागांचा करपा अढीत लावलेल्या साध्या मालापेक्षा कमी. गरम पाणी सालीवरची करप्याची बुरशीही मारते, हा जोडफायदा आहे. लवकर पिकण्याचा अर्थ असाही की वाटेत वेळ कमी उरतो. बेळगावहून निपाणी, कोल्हापूर, पुणे करत वाशीला जाणाऱ्या मालाची गाडी ठरवताना हे धरावे.

२७५ ते ३२५ गटातल्या चार फळांत कोयीजवळ ४५.५ च्या वर गेलेच नाही. पुढच्या वर्षी वरचा गट ३०० वर थांबवावा.

५ जून

पाऊस लागला. हंगाम संपला. हीटर काढले. सगळ्या कॉइलवर मिलिमीटरभर पांढरा थर, बोअरच्या पाण्याचा. हा थर राहिला तर कॉइल आतून जास्त तापून फुटते, आणि पाणीही उशिरा तापते. २० लिटर पाण्यात १ किलो सायट्रिक ॲसिड, रात्रभर भिजत. मिठाचे ॲसिड वापरायचे नाही, ते स्टेनलेसच्या पत्र्याला बारीक खड्डे पाडते. टाकीत हायपोक्लोराइटचे पाणीही राहू द्यायचे नाही, त्याच कारणाने.

सेन्सर पुसून डबीत. बर्फ आणि ४८ वरचे शेवटचे आकडे डबीवर लिहिले. पुढच्या मार्चमध्ये पहिल्यांदा हेच आकडे पडताळायचे. फ्लोट स्विच गंजला आहे, बदलायचा. झाकणाच्या डाव्या पानाची बिजागरी ढिली झाली आहे. २१ अंशाच्या थंड पाण्यासाठी बर्फ टाकून चालणार नाही, चिलर लागेल, त्याची किंमत काढायची.

नोंदवही आणि आलेखांची प्रत शेडमध्ये नाही, घरी ठेवायची. शेडला ओल येते.